हातोहात पोहोचणारे उत्तरदायित्व : मुंबई उपनगरांतील डबेवाल्यांची कार्यरचना

एखादे काम अनेकांनी मिळून करायचे असेल, तर दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. पहिला प्रश्न कामाच्या वाटणीचा. दुसरा प्रश्न उत्तरदायित्वाचा, म्हणजे काम बिघडले तर जाब कोणाला विचारायचा आणि तो देणे कोणाला भाग आहे, याचा. वाटणीचा प्रश्न बहुतेक संस्था कागदावर तरी सोडवतात. उत्तरदायित्वाचा प्रश्न मात्र अनेक ठिकाणी अधांतरी राहतो. ‘आमच्याकडून गेले होते’ आणि ‘आमच्याकडे आलेच नाही’ या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत कार्यालयांतली असंख्य कामे हरवतात. चूक सहसा काम करण्यात होत नाही, काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना होते. या हस्तांतराच्या क्षणी जबाबदारी निसटू नये यासाठी काय करावे, याचे एक उत्तर मुंबईच्या उपनगरांत शतकाहून अधिक काळ रोज दिले जात आहे. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील घरांतून जेवणाचे डबे उचलून दक्षिण मुंबईतील कचेऱ्यांत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपूर्वी पोहोचवणाऱ्या आणि रिकामे डबे त्याच घरी परत करणाऱ्या डबेवाल्यांची संघटना हे ते उत्तर होय. या संघटनेची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखात तिच्या कार्यरचनेचा, आणि विशेषतः त्या रचनेत उत्तरदायित्व कोठे व कसे बसवले आहे याचा, क्रमाने परिचय करून दिला आहे.

समूहकार्यातील मूळ अडचण

माणसे एकत्र आली की शक्तींची सरळ बेरीज होते, अशी आपली समजूत असते. फ्रान्समधील कृषी अभियंते मॅक्सिमिलियाँ रिंगेलमान यांनी ही समजूत प्रत्यक्ष मोजून पाहिली. दोर ओढण्याच्या त्यांच्या प्रयोगांचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ओढणाऱ्यांची संख्या वाढत गेली तसा दरडोई जोर कमी होत गेला आणि आठ जण एकत्र ओढू लागले तेव्हा प्रत्येकाचा वाटा एकट्याने ओढताना लागणाऱ्या जोराच्या जेमतेम निम्म्यावर आला. यामागे दोन कारणे सांगितली जातात. सर्वांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही, हे समन्वयाचे कारण. आणि आपला जोर वेगळा ओळखू येत नाही हे कळल्यावर माणूस नकळत हात सैल सोडतो, हे वृत्तीचे कारण. दुसऱ्या कारणाचा अभ्यास पुढे मानसशास्त्रज्ञांनी विस्ताराने केला. त्याला मराठीत ‘सामूहिक शैथिल्य’ म्हणता येईल.

यावरून कोणत्याही कार्यगटापुढील आव्हान स्पष्ट होते. काम सर्वांचे असले तरी त्यातला प्रत्येकाचा वाटा ओळखता आला पाहिजे, आणि वाटा ओळखता आला तरी काम सर्वांचेच राहिले पाहिजे. या दोन गरजा परस्परविरोधी वाटतात. वैयक्तिक जबाबदारीवर फार भर दिला, तर माणसे आपल्यापुरते पाहू लागतात. सामूहिक जबाबदारीवरच भर दिला, तर कोणीच कोणाला बांधील राहत नाही. डबेवाल्यांच्या रचनेत या दोन्ही गरजा एकत्र भागवल्या आहेत.

उगम आणि वाढ

या सेवेचा आरंभ १८९० मध्ये झाला आणि तिचे प्रवर्तक महादू हावजी बच्चे होते, असे परंपरेने मानले जाते. गिरण्या, गोद्या आणि पेढ्यांमुळे मुंबईत निरनिराळ्या प्रांतांतून, जातिधर्मांतून माणसे आली होती. प्रत्येकाचे पथ्यपाणी, सोवळेओवळे आणि चव वेगळी. घर आणि कामाचे ठिकाण यांतले अंतर वाढू लागले तेव्हा घरचे अन्न दुपारी कामावर मिळावे, ही गरज निर्माण झाली. बच्चे यांनी पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरील गावांतून आलेल्या आपल्या ओळखीच्या माणसांना या कामावर घेतले.

सेवेच्या वाढीला उपनगरी रेल्वेने आकार दिला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाला होता. आजचे घाटकोपर आणि मुलुंड याच मार्गावर आहेत. पश्चिमेकडे १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे गाडी धावू लागली आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. शहर दक्षिणोत्तर पट्ट्यात वाढत गेले. राहायचे उत्तरेला आणि काम करायचे दक्षिणेला, असा मुंबईकराचा दिनक्रम ठरून गेला. सकाळच्या गर्दीत डबा सोबत नेणे अवघड, आणि बोरिवलीहून सहाच्या सुमारास निघणाऱ्या माणसासाठी घरचा स्वयंपाक तोवर तयार होणेही अवघड. डबेवाला या दोन अडचणींच्या मध्ये उभा राहिला.

संघटनेला विधिवत रूप बऱ्याच उशिरा आले. ‘नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट’ या नावाने विश्वस्त संस्थेची नोंदणी १९५६ मध्ये झाली. व्यवसायाचे दैनंदिन प्रश्न पाहणारी ‘मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स असोसिएशन’ ही संस्था तिच्या जोडीने काम करते. म्हणजे कामाची घडी आधी बसली आणि संस्था नंतर नोंदली गेली. कामातून नियम निर्माण झाले. त्यामुळे ते पाळणाऱ्यांना परके वाटत नाहीत.

या व्यवसायातील बहुसंख्य माणसे मावळ, मुळशी, खेड (राजगुरुनगर), आंबेगाव, जुन्नर आणि त्यांच्या लगतच्या अकोले, संगमनेर या तालुक्यांतील आहेत. वारकरी संप्रदायाचे संस्कार, आळंदी-पंढरपूरची ओढ आणि गावच्या जत्रेला एकत्र जाण्याची रीत हे त्यांच्या जीवनाचे समान धागे होत. गावोगावच्या जत्रांच्या दिवसांत, चैत्राच्या सुमारास, सेवा काही दिवस बंद असते आणि ग्राहकांना ती सुट्टी आगाऊ कळवलेली असते.

रचना आणि श्रेणी

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक स्टीफन थॉमके यांनी या व्यवस्थेचा अभ्यास करून २०१२ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लेख लिहिला. त्यात डबेवाल्यांची संख्या सुमारे ५,००० आणि डब्यांची संख्या १ लाख ३० हजारांहून अधिक दिली आहे. डबा जातो आणि परत येतो, म्हणून रोजच्या खेपा तेव्हा २ लाख ६० हजारांवर जात. इतका मोठा व्याप एखाद्या मध्यवर्ती कार्यालयातून चालत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. सारे काम सुमारे २५ जणांच्या लहान गटांत विभागलेले आहे आणि तेव्हा असे सुमारे २०० गट होते. प्रत्येक गट आपले ग्राहक, आपले दर, आपला हिशेब आणि आपली माणसे यांबाबत बहुतांशी स्वायत्त असतो.

रचनेच्या तीन पायऱ्या सांगता येतात. पहिल्या पायरीवर प्रत्यक्ष डबे वाहणारा डबेवाला असतो. सुमारे तीस घरे त्याच्याकडे असतात. ग्राहक मिळवणे, दर ठरवणे आणि महिन्याचे पैसे गोळा करणे ही कामे तोच करतो. दुसऱ्या पायरीवर मुकादम असतो. साधारणपणे दहा वर्षांहून अधिक काळ काम केलेल्या अनुभवी माणसाकडे हे पद येते. डबे लावणे, खुणा रंगवणे, गाडीत चढवणे-उतरवणे यांवर देखरेख, गटातील तंटे मिटवणे आणि आयत्या वेळच्या अडचणी निस्तरणे ही त्याची कामे. मुकादम स्वतःही डबे वाहतो, हे येथे विशेष नमूद केले पाहिजे. तिसऱ्या पायरीवर सभासदांनी निवडून दिलेले कार्यकारी मंडळ असते. रेल्वे प्रशासन, महापालिका आणि पोलिस यांच्याशी व्यवहार, गटागटांतील वाद आणि कल्याणकारी कामे त्याच्याकडे असतात. हजारो माणसांच्या संस्थेत एवढ्याच पायऱ्या पुरतात, कारण वरून पाहण्यासारखे फारसे उरतच नाही. ते गटातच पाहिले जाते.

या व्यवसायात माणूस आधी शिकाऊ म्हणून येतो आणि पगारावर राबतो. डबे उचलणे, निवडणे, वाहणे, पोहोचवणे आणि ग्राहकाशी बोलणे ही सर्व कामे तो शिकतो. उमेदवारी संपल्यावर तो ठरावीक रक्कम भरून गटाचा भागीदार होतो. सायकल, डबे ठेवण्याची लांब लाकडी पाटी, पांढरा सदरा-लेंगा आणि गांधी टोपी हे भांडवलही तो स्वतःचे आणतो. गटाचा खर्च वजा जाता उरलेली कमाई भागीदारांत जवळजवळ सारखी वाटली जाते. मुकादम आणि डबेवाला यांच्या प्राप्तीत मोठी तफावत नसते. नोकर आणि मालक हे दोन्ही एकाच माणसात असल्यामुळे हलगर्जीचा तोटा कोणा दूरच्या धन्याला होत नाही, तो स्वतःच्याच खिशाला बसतो.

एका डब्याचा प्रवास

ही रचना प्रत्यक्षात कशी चालते, हे समजण्यासाठी एका डब्याबरोबर जावे. विलेपार्ल्यातील एका घरातून नऊ ते दहाच्या दरम्यान डबेवाला डबा उचलतो. तो दारात थांबू शकत नाही. पुढची घरे आणि पुढची गाडी ठरलेली असते. सर्व डबे सायकलच्या दांडीला आणि मागच्या चौकटीला लटकवून तो स्थानकावर येतो. तेथे आसपासच्या वाड्यांतून आलेले त्याच्या गटातील इतर डबेवाले जमलेले असतात. आता प्रत्येकाने आणलेले डबे मोडून उतरण्याच्या स्थानकानुसार पुन्हा लावले जातात. ज्याने डबा उचलला त्याच्याकडेच तो राहत नाही, ही या व्यवस्थेची किल्ली आहे.

अंधेरी स्थानकाबाहेर सकाळी दहाच्या सुमारास ही निवड उघड्यावर पाहता येते. लाकडी पाट्या जमिनीवर मांडलेल्या असतात. चाळीसच्या आसपास डबे मावतील अशी एकेक पाटी भरली की तिचे वजन साठ किलोंच्या पुढे जाते. डोळे झाकणावर, हात कडीवर. चर्चगेटची पाटी, ग्रँट रोडची पाटी, लोअर परळची पाटी अशी मांडणी असते आणि डबा क्षणभर हातात राहून आपल्या पाटीत जातो. कोणी नावे वाचत नाही, कोणी यादी पाहत नाही, आणि बोलणेही फारसे होत नाही. एकाच्या पाटीत चुकीचा डबा आला, तर शेजारचा तो उचलून योग्य जागी ठेवतो. चूक कोणाची याची चर्चा गाडी सुटल्यानंतर.

पुढचा टप्पा लोकलच्या लगेजच्या डब्यातला. मधल्या स्थानकांवर गाडी सुमारे वीस सेकंद आणि मोठ्या स्थानकांवर सुमारे चाळीस सेकंद थांबते. तेवढ्या वेळात भरलेल्या पाट्या चढवायच्या आणि उतरवायच्या असतात. मुलुंड आणि घाटकोपरहून आलेले डबे मध्य रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जातात. त्यांतले ज्यांना पश्चिम रेल्वेवर जायचे असते ते दादरला बदलतात. उतरल्यावर साडेअकराच्या सुमारास पुन्हा निवड होते. आता ती इमारत आणि रस्ता यांनुसार असते. तेथून हातगाडीने, सायकलने किंवा डोक्यावरून पाटी निघते आणि साडेबाराच्या सुमारास डबा टेबलावर पोहोचतो. दुपारी हीच साखळी उलट्या क्रमाने चालते आणि संध्याकाळच्या आत रिकामा डबा विलेपार्ल्यातील त्याच दारात परत येतो. जाताना आणि येताना मिळून एक डबा अनेक हातांतून जातो, आणि त्यांपैकी बहुतेकांनी त्या डब्याच्या मालकाला कधी पाहिलेले नसते.

खुणांची लिपी

एवढ्या हस्तांतरांत डबा चुकत नाही तो झाकणावरील खुणांमुळे. आरंभी रंगीत दोरे आणि कापडाच्या चिंध्या बांधत असत. पुढे रंगांचे ठिपके आणि फुल्या आल्या, आणि त्यानंतर रंगाने लिहिलेली अक्षरे व आकडे. डबेवाल्यांत अल्पशिक्षित माणसांचे प्रमाण मोठे होते, म्हणून ही लिपी वाचण्यापेक्षा ओळखण्यासाठी घडवलेली आहे.

नेहमी दिले जाणारे एक उदाहरण पाहू. झाकणावर ‘व्हीएलपी’, ‘ई’, ‘३’ आणि ‘९ ईएक्स १२’ अशा खुणा आहेत. ‘व्हीएलपी’ म्हणजे विलेपार्ले, डबा जेथून निघाला ते स्थानक. ‘ई’ म्हणजे त्या भागातून तो उचलणारा आणि संध्याकाळी परत देणारा डबेवाला. मधोमध ठळक लिहिलेला ‘३’ म्हणजे उतरण्याचे ठिकाण. ‘९’ म्हणजे तेथे डबा पोहोचवणारा डबेवाला, ‘ईएक्स’ म्हणजे नरिमन पॉइंटची एक्स्प्रेस टॉवर्स ही इमारत आणि ‘१२’ म्हणजे मजला.

या खुणांचे वर्गीकरण केले तर त्या दोन प्रकारांत मोडतात. स्थानक, इमारत, मजला या स्थळदर्शक खुणा. ‘ई’ आणि ‘९’ या व्यक्तिदर्शक खुणा. नेहमीच्या टपालावर फक्त पहिला प्रकार असतो. टपालावरील पत्ता वस्तू कोठे जाणार हे सांगतो, पण ती कोणाच्या हातून जाणार हे सांगत नाही. डब्याच्या झाकणावर मात्र दोन्ही टोकांची जबाबदार माणसे रंगवलेली असतात. डबा गहाळ झाला तर चौकशी समिती नेमावी लागत नाही. ग्राहकाचे नाव झाकणावर नसते, पण डबेवाल्याचे चिन्ह असते. उत्तरदायित्व वस्तूवरच लिहून टाकण्याची ही पद्धत या संघटनेची सर्वांत मोठी देणगी आहे.

उत्तरदायित्वाचे तीन प्रकार

या व्यवस्थेत उत्तरदायित्व तीन दिशांनी वाहते. पहिले ग्राहकाभिमुख. घरातील गृहिणी आणि डबेवाला एकमेकांना ओळखतात. तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाडीत येतो. पैसे तोच मागायला येणार असतो, तेव्हा तक्रारही त्यालाच ऐकावी लागते. तक्रार ऐकणारा आणि चूक दुरुस्त करणारा एकच असल्यामुळे मधले टप्पे गळून पडतात.

दुसरे सहकाऱ्याभिमुख. एकाला उशीर झाला तर साऱ्या गटाची गाडी चुकते आणि एका गटाची गाडी चुकली तर दुसऱ्या टोकावरचे डबेवाले खोळंबतात. त्यामुळे येथे परस्परांवर नजर ठेवण्यासाठी वेगळा अधिकारी लागत नाही; शेजारी उभा असलेला माणूसच पुरेसा असतो. खाडा होणार असेल तर आधी कळवावे, हा अलिखित कायदा आहे. तरीही आजारपण आणि अडीअडचणी येतातच. म्हणून प्रत्येक गटात दोन-तीन बदली माणसे ठेवलेली असतात. सर्वांना सर्व कामे येत असल्यामुळे कोणाच्याही जागी कोणीही उभा राहू शकतो. रोजच्या हिशेबात जास्तीची वाटणारी ही माणसे खऱ्या अर्थाने वक्तशीरपणाचा विमा आहेत. ज्या कार्यालयांत माणसांची संख्या अगदी काटेकोर मोजून ठेवली जाते, तेथे एकाच्या रजेने सारे काम का ठप्प होते, याचे कारण येथे सापडते.

तिसरे उत्तरदायित्व उलट दिशेचे, म्हणजे ग्राहकाचे डबेवाल्याप्रति आहे. याची दखल सहसा घेतली जात नाही. डबा वेळेवर भरून दारात तयार ठेवणे हे घराचे काम. एखाद्या घरातून वारंवार उशीर होऊ लागला, तर समज दिली जाते आणि तरीही फरक पडला नाही तर त्या घराची सेवा बंद केली जाते. एका ग्राहकाच्या महिन्याच्या पैशांसाठी उरलेल्यांचे जेवण उशिरा पोहोचवणे हे गटाला मान्य नसते. ग्राहकालाही व्यवस्थेचा घटक मानून त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा ठेवण्याचे धैर्य फार थोड्या संस्थांत दिसते.

नियम, दंड आणि समज

डबेवाल्यांचे नियम मोजके आहेत. कामावर असताना मद्यपान करू नये, टोपी व ओळखपत्र असावे, न कळवता गैरहजर राहू नये, ग्राहकाशी अदबीने वागावे. नियमभंगाला दंड असतो. आधी समज, मग दंड आणि गंभीर प्रकारात गटातून काढून टाकणे, अशी शिक्षेची चढती श्रेणी असते. टोपीचा नियम बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. पण पांढरी टोपी म्हणजे गर्दीत दुरून दिसणारी ओळख आहे. वाट मोकळी करून देणारे अनोळखी प्रवासी तिच्याकडे पाहूनच बाजूला होतात. टोपी घातलेल्याने केलेले गैरवर्तन एकट्याचे राहत नाही, ते सर्व टोप्यांना लागते.

सामाईक साधनांचे व्यवस्थापन लोक स्वतः कसे करतात, याचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील सिंचन संस्था, मच्छीमार आणि कुरणे यांच्या आधारे केला. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. टिकाऊ संस्थांची काही लक्षणे त्यांनी सांगितली. सभासद कोण हे स्पष्ट असणे, नियम ठरवण्यात सभासदांचा सहभाग, देखरेख सभासदांनीच करणे, शिक्षेची चढती श्रेणी आणि तंटे मिटवण्याची स्वस्त व जवळची सोय ही त्यांपैकी प्रमुख होत. डबेवाल्यांच्या गटात ही सर्व लक्षणे आढळतात. तंटा मुकादमापाशी मिटतो, न मिटल्यास मंडळापुढे जातो. न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ सहसा येत नाही.

अचूकतेची मोजणी

१९९८ मध्ये ‘फोर्ब्स’ या अमेरिकन नियतकालिकात डबेवाल्यांवर लेख आला आणि तेव्हापासून त्यांना ‘सिक्स सिग्मा’ दर्जा मिळाल्याची आख्यायिका रूढ झाली. फोर्ब्स हे नियतकालिक आहे, प्रमाणपत्र देणारी संस्था नव्हे. सिक्स सिग्मा ही १९८० च्या दशकात मोटोरोला कंपनीत विकसित झालेली गुणवत्तेची पद्धत असून तिच्या निकषानुसार दहा लाखांत ३.४ दोष चालतात. दिवसाला २ लाख ६० हजार खेपा धरल्या, तर या निकषाने रोज साधारण एक डबा चुकण्यास मुभा आहे. साठ लाखांत एक चूक, हा बऱ्याचदा सांगितला जाणारा आकडा धरला, तर सुमारे २३ कामाच्या दिवसांत एक डबा, असे प्रमाण येते. प्रत्येक चुकीची नोंद ठेवणारे दप्तर या व्यवस्थेत नाही, म्हणून या आकड्यांना शास्त्रीय मोजमाप मानता येत नाही. डबेवाल्यांचा मोठेपणा त्यामुळे उणावत नाही. चुका क्वचितच होतात, हा तीस-तीस वर्षे डबा मागवणाऱ्या कुटुंबांचा अनुभव आहे, आणि ग्राहकाने वर्षानुवर्षे टिकून राहणे हे कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा भारी प्रमाण आहे.

बाहेरच्या जगाने घेतलेली दखलही उल्लेखनीय आहे. ब्रिटनचे तत्कालीन युवराज चार्ल्स २००३ मध्ये मुंबईत त्यांना भेटले आणि २००५ मधील त्यांच्या विवाहाचे आमंत्रण डबेवाल्यांच्या प्रतिनिधींना आले. २०१३ मधील ‘द लंचबॉक्स’ हा रितेश बत्रा यांचा चित्रपट चुकीच्या ठिकाणी गेलेल्या डब्यावर आधारलेला आहे. ती कल्पित चूक एवढी विलक्षण वाटली, यातच खऱ्या अचूकतेचा गौरव आहे.

एक समांतर उदाहरण

मुंबईतच घडलेले याच जातीचे दुसरे उदाहरण म्हणजे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर हे काम सुरू केले. तेथे काम करणारी प्रत्येक स्त्री संस्थेची सहमालक असते. सकाळी मळलेले पीठ वजन करून घरी न्यायचे, पापड लाटून वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायचे, अशी रीत आहे. आणलेला माल तपासून घेतला जातो आणि लाटणावळ हाती दिली जाते. एकीकडे चालता डबा, दुसरीकडे घरी लाटलेला पापड. काम सर्वस्वी भिन्न. तरी मालकी वाटलेली, वाटा ओळखता येणारा आणि तपासणी जवळच्याच माणसाकडून होणारी, ही तत्त्वे दोन्हीकडे समान आहेत. त्यामुळे ही तत्त्वे एका विशिष्ट समाजापुरती किंवा व्यवसायापुरती नाहीत, असे म्हणण्यास आधार मिळतो.

मर्यादा

कोणत्याही व्यवस्थेचा परिचय तिच्या मर्यादा सांगितल्याशिवाय पुरा होत नाही. डबेवाल्यांमधील परस्परविश्वास बऱ्याच अंशी नातीगोती आणि गावकी यांवर उभा आहे. नवा माणूस ओळखीतूनच येतो. निरनिराळ्या प्रांतांतील अनोळखी माणसांच्या कार्यालयात हा विश्वास आयता मिळत नाही. तो नियम आणि सवय यांतून घडवावा लागतो. कष्टांच्या मानाने प्राप्ती बेताची आहे आणि पुढच्या पिढीतील शिकलेली मुले या व्यवसायात येण्यास उत्सुक नाहीत.

सारी व्यवस्था उपनगरी रेल्वेवर अवलंबून असणे ही तिची सर्वांत मोठी दुर्बलता आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे लोकल बंद झाल्या आणि कचेऱ्या ओस पडल्या, तेव्हा डबेवाले गावी परतले. साथ ओसरल्यावर अनेकजण या व्यवसायात पुन्हा आले नाहीत आणि घरून काम करण्याच्या प्रथेमुळे ग्राहकही घटले. कामाची ठिकाणेही सरकली आहेत. अंधेरीत १९७३ मध्ये सीप्झ आले आणि पुढे वांद्रे-कुर्ला संकुल, पवई, मालाड येथे कचेऱ्या उभ्या राहिल्या. उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारा डब्यांचा एकमार्गी प्रवाह आता अनेक दिशांना फुटला आहे. मोबाइलवरून जेवण मागवण्याची सोयही स्पर्धेत आहे. मात्र तेथे अन्न आणणारा माणूस रोज वेगळा असतो आणि त्याचा ग्राहकाशी संबंध दारापुरता संपतो.

उपयोग

या अभ्यासाचा उपयोग आजच्या कार्यालयांना कसा होऊ शकेल, हे आता पाहू. अंधेरीतील संगणक कंपनी असो, मुलुंडमधील रुग्णालय असो की घाटकोपरमधील सहकारी पतपेढी, काम एका टेबलावरून दुसऱ्यावर जातच असते. अशा प्रत्येक हस्तांतरावर देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव कागदावर, धारिकेवर किंवा पडद्यावर दिसले पाहिजे. ‘लेखा विभाग’ किंवा ‘तांत्रिक विभाग’ असे लिहिणे म्हणजे डब्यावर फक्त स्थानक लिहिणे होय. विभाग जाब देत नाही, माणूस देतो.

गट एवढा लहान असावा की प्रत्येकाचा वाटा इतरांच्या नजरेस पडेल, आणि काम एवढे सर्वांना यावे की एकाच्या रजेत दुसरा ते उचलू शकेल. बदली माणसाची तरतूद हा खर्च नव्हे, हे व्यवस्थापनाने एकदा मान्य केले पाहिजे. चूक दिसताच ती आधी सुधारायची आणि चौकशी नंतर करायची, ही अंधेरी स्थानकावरची रीत कोणत्याही कार्यालयात आणता येते. दोष लपवण्याची गरज तिने कमी होते. नियम थोडे असावेत, ते मोडल्यास परिणाम निश्चित असावा आणि तो वरिष्ठालाही लागू असावा. यशाचा लाभ आणि अपयशाचा तोटा गटाला प्रत्यक्ष जाणवेल अशी काहीतरी भागीदारी असावी, कारण जेथे हित गुंतलेले नसते तेथे जबाबदारीची भाषणे व्यर्थ ठरतात.

उत्तरदायित्व हा माणसाच्या स्वभावाचा गुण आहे, चांगली माणसे निवडली की ते आपोआप येते, असे सामान्यतः मानले जाते. डबेवाल्यांची शतकभराची वाटचाल याहून अधिक सांगते. ही माणसे प्रामाणिक आहेत यात शंका नाही. पण त्यांचा प्रामाणिकपणा रोज तग धरतो तो व्यवस्थेच्या आधारावर. झाकणावरचे चिन्ह, शेजारी उभा असलेला भागीदार, सारखी वाटणी आणि दोन-तीन बदली माणसे यांनी तो आधार दिला आहे. यांतील एकाही गोष्टीला मोठे भांडवल किंवा यंत्रसामग्री लागत नाही. आपल्या कामाच्या ठिकाणी जबाबदारी टिकत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने हे चार आधार आपल्याकडे आहेत का, ते तपासून पाहावे. नसतील, तर उणीव माणसांत शोधण्याआधी रचनेत शोधावी.